दूध पाजणाऱ्या आईने काय घ्यावं: थर्मामीटर, पट्ट्या, मॉनिटर की शंभर पानी वही?

बाळंतपणानंतर दोन मुलांत नैसर्गिकरीत्या अंतर ठेवू पाहणाऱ्या कॅथलिक जोडप्यांना ऑनलाइन दुकानं हल्ली बरंच काही विकतात: बेसल थर्मामीटर (सकाळी उठल्या उठल्या अंगाचं तापमान बारकाईने मोजणारा), एलएच पट्ट्या (बीज सुटण्याआधी वाढणारं एलएच हे संप्रेरक लघवीत दाखवणाऱ्या), लघवी तपासणारा मॉनिटर, फोनमधलं ॲप, शिवाय ब्रेस्ट पंप. यातली बहुतेक साधनं पाळी नियमित येणाऱ्या बाईसाठी बनलेली आहेत. अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळीच बंद असते, म्हणून इथे त्यांना वेगळ्या कसोटीवर घासावं लागतं. आमचा कौल आधीच सांगतो: नोकरीवाल्या आईचा पंप सोडला तर पहिले सहा महिने काहीही विकत घेऊ नका.

त्या काळात काम बाळच करतं. बाळ ओढून पितं तेव्हा मेंदूतून सुटणाऱ्या संप्रेरकांची लय मोडते, एलएच नेमाने सुटत नाही आणि स्त्रीबीज पिकत नाही. १९८८ साली इटलीतल्या बेलाजिओ इथे तज्ज्ञांनी यावरून तीन अटी ठरवल्या: पाळी परत आलेली नसावी (पहिल्या ५६ दिवसांतला रक्तस्राव धरायचा नाही), बाळ पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण अंगावरच्या दुधावर असावं, आणि त्याला सहा महिने पूर्ण झालेले नसावेत. तिन्ही अटी पाळल्या तर दिवस जाण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी. चिलीतल्या सांतियागोच्या कॅथलिक विद्यापीठाने हीच पद्धत प्रत्यक्ष बायकांबरोबर तपासली, तेव्हा सहा महिन्यांचा आकडा अर्धा टक्का आला. इतका चांगला निकाल देणारं यंत्र बाजारात मिळणार नाही, आणि याला बॅटरीही लागत नाही.

मात्र अटी शब्दशः घ्यायच्या. दिवसा दोन पाजण्यांत चार तासांपेक्षा आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड नको. आपल्याकडे गडबड होते ती इथेच. घुटी, ग्राइप वॉटर, उन्हाळ्यात ‘घसा सुकला असेल’ म्हणून चमचा-चमचा पाणी. प्रत्येक गोष्ट किरकोळ वाटते, पण तेवढ्याने पाजणी लांबते. मिस्सा (चर्चमधली उपासना), लग्न, पाहुणे म्हणून आई संकोचते आणि एक वेळ सुटते. त्या बाबतीत पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१४ मध्ये व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी आयांना सरळ सांगितलं होतं की बाळं भुकेली असतील तर इथेच पाजा. आपल्या चर्चमधल्या मावश्यांनी हे ऐकायला हवं.

बाटली आणि चोखणीला आम्ही शून्य गुण देतो. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने दूधपावडर आणि बाटल्यांच्या जाहिरातीवर बंदी आहे, तरी बाप्तिस्म्याच्या भेटवस्तूंत बाटलीचा सेट हमखास निघतो. चोखणी तोंडात असलेलं बाळ तेवढा वेळ आईला ओढत नाही, आणि अंतर टिकतं ते त्या ओढण्यावरच. बाळाचं वजन वाढत नसेल आणि डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं असेल तर अर्थात द्यावं. मग ही पद्धत लागू राहिली नाही असं समजायचं, इतकंच. अंतर पडावं म्हणून बाळाला कोणी पाजत नाही. पाजायचं ते बाळासाठी. अंतर मागून येतं.

ब्रेस्ट पंप नोकरीवाल्या आईला लागतोच. दूध टिकवण्याचं काम तो नीट करतो, पण बाळाच्या ओढण्याची जागा पूर्णपणे घेत नाही. चिलीतच नोकरी करणाऱ्या, दूध काढून ठेवणाऱ्या बायकांचा अभ्यास झाला, त्यात सहा महिन्यांत सुमारे पाच टक्के जणींना दिवस गेले. इथे रजेचा हिशोब कामी येतो. २०१७ पासून पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवडे रजा आहे, पण त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधीच घेतले तर नंतर अठराच उरतात. तब्येत साथ देत असेल तर रजा मागे राखावी. कामावर जायला लागल्यावर घरी असताना आणि रात्री बाळ जवळ ठेवून मागेल तेव्हा पाजावं. अंथरूण घट्ट हवं, आणि आईवडिलांपैकी कोणी दारू किंवा सिगारेट घेत असेल तर बाळ त्याच खोलीत पण वेगळ्या जागी.

उष्टावण झालं किंवा सहा महिने उलटले की पहिल्या अटींचा आधार सुटतो. आता साधनांकडे वळू.

बेसल थर्मामीटर दोन दशांश दाखवतो, म्हणजे ३६.४८ अंश सेल्सिअस. तापाचा साधा थर्मामीटर एकच दशांश दाखवतो, तो इथे निरुपयोगी. बीज सुटल्यावर तापमान साधारण ०.२ अंश चढतं आणि आधीच्या सहा दिवसांच्या वर तीन दिवस टिकलं की बीज सुटलं असं धरतात. अडचण अशी की हे कळतं ते नंतर, आणि बाळ रात्री तीनदा उठवत असेल तर आकडे उड्या मारतात. पाळी सुरू झाल्यावर उपयोगी, त्याआधी नाही.

एलएच पट्टी बीज सुटण्याच्या २४ ते ३६ तास आधी इशारा देते. पुरुषबीज पाच दिवस जगू शकतं, म्हणजे पट्टीवर दुसरी रेघ गडद होईपर्यंत उशीर झालेला असतो. दिवस जावेत अशी इच्छा असेल तर घ्या; अंतरासाठी नको.

मॉनिटर इस्ट्रोजेनचा (बीज पिकताना वाढणाऱ्या संप्रेरकाचा) अंशही मोजतो, म्हणून इशारा लवकर देतो. पण क्लिअरब्लू मॉनिटरच्या सूचनांत स्वतः कंपनीच सांगते की बाळंतपणानंतर लागोपाठ दोन नैसर्गिक पाळ्या येईपर्यंत थांबा. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या मार्क्वेट या जेझुइट (कॅथलिक धर्मसंघाच्या) विद्यापीठाने पाजणाऱ्या आयांसाठी वेगळे नियम बसवले आहेत, पण ते शिकवणारी व्यक्ती हाताशी हवी. शिवाय महिनोन्‌महिने बीज सुटत नसताना पट्ट्या नुसत्या खर्च होत राहतात. ॲप तर मागच्या पाळ्यांवरून अंदाज बांधतं. मागची पाळीच नाही, तर अंदाज कशाचा? काढून टाका.

उरली वही. मेलबर्नचे डॉ. जॉन बिलिंग्ज यांनी १९५३ पासून उभारलेली पद्धत या काळाला सर्वांत नीट बसते, कारण ती पाळीवर नाही, तर योनीमार्गातल्या स्रावाच्या रोजच्या निरीक्षणावर अवलंबून आहे. रोज रात्री एक ओळ: तारीख, दिवसभर वावरताना काय जाणवलं (कोरडं, ओलसर, बुळबुळीत), पुसताना काय दिसलं, किती वेळा पाजलं. आतून तपासायचं नाही. सुरुवातीला दोन आठवडे संबंध न ठेवता हे लिहायचं. रोज कोरडं किंवा रोज तसाच न बदलणारा स्राव असेल तर तो तुमचा मूळ नमुना. त्या दिवसांत एक दिवसाआड, रात्रीच संबंध, कारण दुसऱ्या दिवशी वीर्याच्या ओलाव्यात स्राव ओळखता येत नाही. नमुना बदलला की थांबायचं. तो परत आल्यावर तीन दिवस मोजून चौथ्या रात्रीपासून मोकळं. पाजण्याचा रकाना फालतू वाटतो, पण आठवरून चारवर आलं की पुढे काही दिवसांत स्राव बदलणार हे तिथेच आधी कळतं. गुण पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो नवरा वही उघडत नाही म्हणून. १९६८ च्या ‘हुमाने व्हिते’ या पोपच्या विश्वपत्रात संततीची जबाबदारी दोघांवर ठेवली आहे, आणि अंतरासाठी सबळ कारण असेल तर वांझ दिवसांचा उपयोग करायला मुभा दिली आहे. थांबायच्या रात्री दोघांच्याच असतात.

सहा महिन्यांनंतर पहिली पाळी यायच्या आधीच बीज सुटू शकतं, म्हणून पाळीची वाट बघत वही बंद ठेवू नका. आणि पाळी आली की सुरुवातीच्या चक्रांत रक्तस्रावाच्या दिवशीही संबंध टाळावेत; रक्ताखाली ओलसरपणा कळत नाही.