आरओ की युव्ही : मुंबईच्या नळाला कोणता फिल्टर लावावा?

फिल्टर घ्यायला दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, "आरओच ना?" त्या 'च'मध्येच सगळं ठरून गेलेलं असतं. मुलुंडच्या आमच्या घरात मीही त्या 'च'ला बळी पडलो होतो. चार वर्षं आरओ वापरला, म्हणजे बारीक पडद्यातून दाबाने पाणी गाळून क्षार काढणारं मशीन. 2024च्या जुलैपासून युव्ही आहे, म्हणजे अतिनील किरणांच्या दिव्याने जंतू मारणारं. दोन्हींचं पाणी पिऊन झालंय, म्हणून हे चार शब्द. जाणकारांनी चुकलं तर कान धरावा.

आरओ घरात आला तो जादूचा प्रयोग बघून. तुम्हीही पाहिला असेल. विक्रेता दोन ग्लास मांडतो, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात मशीनचं. दोन्हींत सळया बुडवून वीज सोडतो. नळाचं पाणी बघता बघता विटकरी होतं, मशीनचं तसंच राहतं. आई म्हणाली, "अगं बाई, हे पितोय आपण?" तिथेच सौदा झाला. तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतो, सळईचंच लोखंड सुटून आलेलं असतं, हे मला नंतर कळलं. पाण्यात थोडे क्षार असले की वीज वाहते आणि सळई झिजते. आरओच्या पाण्यात क्षार फारसे उरतच नाहीत, त्यामुळे तिथे काही होत नाही. घरातल्या लिंबू सरबताचा ग्लास पुढे केला असता तर तोही नापास झाला असता.

आता मुद्द्याचं. आपल्या नळाला येतं ते पावसाचं, तलावात साठलेलं पाणी. भातसा, तानसा, वैतरणा वगैरे सात तलाव, मग भांडुप नाहीतर पांजरापूरला शुद्धीकरण. हे पाणी मुळातच मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं. इथली भीती क्षारांची नाही, जंतूंची आहे. पाणी ठरावीक वेळ येतं. बाकीचा वेळ जलवाहिनीत दाब नसतो आणि कुठे गळती असली तर शेजारच्या गटारातलं पाणी आत ओढलं जातं. त्यात सोसायटीची टाकी कधी धुतली ते सेक्रेटरीला विचारा, विषय बदलतील. जंतूंना युव्हीचा दिवा पुरतो, आरओ क्षारांशी लढतो. आमच्या घरी तो जवळजवळ हवेतच तलवार फिरवत होता. शिवाय आधी पाण्यातले क्षार काढायचे आणि मग वेगळी कार्ट्रिज लावून 'मिनरल' परत घालायचे, हा व्यवहार मला अजूनही कळलेला नाही.

तरी एवढ्यावरून मी मशीन बदललं नसतं. बदललं ते एका पांढऱ्या नळीमुळे.

एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर बाहेर टाकणारी ती नळी. सुरुवातीला ती सिंकमध्ये सोडलेली होती, त्यामुळे डोळ्याआड होती. 2024च्या मेअखेर पालिकेने पाच टक्के पाणीकपात लावली, 5 जूनपासून ती दहा टक्के झाली. आमच्याकडे संध्याकाळचं पाणी वीस मिनिटांवर आलं. बायकोने फर्मान काढलं, आजपासून एक थेंब सिंकमध्ये जाणार नाही. मग नळी ओट्याखालच्या बादलीत गेली, कपड्यांच्या निळ्या चिमट्याने काठाला अडकवून. आणि घर त्या बादलीच्या तालावर चालू लागलं. लादी, तुळस, संडासात ओतायला, सगळं करून झालं तरी दिवसाला तीन बादल्या. दोन खोल्यांची लादी रोज किती वेळा पुसणार! बाहेर जाताना "बादली बघितलीस का?" आणि रात्री झोपताना परत तेच. मशीनची टाकी अर्धी झाली की ते आपणहून सुरू होतं, त्याला रात्र-दिवस कळत नाही. एका पहाटे उठलो तर पाणी सिलिंडरखालून कांद्याच्या टोपलीपर्यंत आलेलं. दोन दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या काकू छताची ओल दाखवायला हसत हसत वर आल्या. ते हसू ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

त्याच आठवड्यात सर्व्हिसवाला आला. त्याच्याकडचा टीडीएसचा, म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते मोजणारा पेन नळाच्या पाण्यात 70 दाखवत होता, मशीनच्या पाण्याच्या ग्लासात 15. मी हट्टाने तो बादलीत बुडवायला लावला. "साहेब, वेस्टचं कोण बघतं?" म्हणाला, पण बुडवला. 90. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा आहे 500. म्हणजे क्षारांच्या हिशेबाने आम्ही वर्षानुवर्षं पिण्याजोगं पाणी आधी सिंकमध्ये आणि मग लादीवर ओतत होतो. राष्ट्रीय हरित लवादाने 2019मध्येच 500च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी आणायला केंद्राला सांगितलं होतं. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आमच्या ओट्यापर्यंत मात्र त्यातलं काही पोहोचलं नव्हतं. 2018मध्ये केपटाउनला नळ कोरडे पडायची वेळ आली तेव्हा माणशी दिवसाला 50 लिटर ठरवून दिले होते, आंघोळ-स्वयंपाक सगळं त्यातच. आमची नळी रोज जवळपास तेवढंच एकटी ओकत होती. आणि केपटाउन तरी लांब. भातसा, तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत तिथल्याच गावपाड्यांत उन्हाळ्यात टँकर फिरतात.

युव्हीचं सगळंच गोड आहे असं नाही. वीज गेली की तो थांबतो, म्हणून आम्ही एक स्टीलचं पिंप भरून ठेवतो. पाणी गढूळ असेल तर किरण नीट पोहोचत नाहीत. पहिल्या पावसानंतर दिव्याच्या आधी पाणी गाळणारी कँडल चहाच्या गाळणीसारखी होते, ती आळस न करता बदलावी लागते. दिवाही दरवर्षी. आणि चव? आरओचं पाणी जरा हलकं, गोडसर लागायचं, हे कबूल. पहिले आठ दिवस मुलगी तोंड वाकडं करत होती. चहात मात्र कुणालाच फरक कळला नाही. आईचं मत दोन्हींच्या विरुद्ध आहे, गाळा आणि उकळा. तिचं चुकत नाही, फक्त गॅसचं बिल ती भरत नाही.

तुमच्याकडे बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर मात्र माझं ऐकू नका. आधी पाणी तपासून घ्या. क्षार जास्त निघाले तर आरओच लागेल. यवतमाळ-चंद्रपूरकडे विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड सापडतं, ते युव्हीच्या दिव्याने जाणार नाही. इमारतीचे पाइप फार जुने, गंजलेले असतील तरी थोडा विचार करा. पण फक्त पालिकेचं पाणी, टाकी बरी आणि स्वयंपाकघर आमच्याएवढंच असेल, तर मी तरी युव्हीच घेईन. दुकानदार तो दोनदा मागितल्याशिवाय दाखवत नाही, तेवढी तयारी ठेवा.

आमचा आरओ भंगारात गेला नाही. मीरा रोडला बहिणीच्या इमारतीत अर्धा महिना टँकर असतो, डाळ शिजत नाही, गिझरवर पांढरे थर धरतात. तिथे तो लावला आणि खरंच गुणाचा ठरला. परवा तिचा फोन आला, "दादा, मशीन छान चाललंय. पण त्या नळीचा चिमटा दिलाच नाहीस की!"