घरच्या गॅरेजातला टॉर्क पाना : तीन वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

आमची स्विफ्ट 2006 सालची, तेराशे सीसीच्या पेट्रोल इंजिनाची आहे. 2021 मध्ये तिला पंधरा वर्षे पूर्ण झाली, तेव्हा परिवहन कार्यालयात तपासणी करून घेऊन आम्ही नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण केले, आणि तेव्हापासून तिची बहुतेक कामे मी रत्नागिरीतल्या घराच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली स्वतः करतो. ऑइल व फिल्टर बदलणे, प्लग बदलणे, ब्रेक पॅड घालणे, टॅपेट कव्हरची, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाची, गळती थांबवणे इतपत कामे आता सवयीची झाली आहेत. या काळात घेतलेल्या हत्यारांपैकी सर्वांत उशिरा घेतलेले आणि खरे तर सर्वांत आधी घ्यायला हवे होते असे हत्यार म्हणजे टॉर्क पाना, म्हणजेच नट किंवा बोल्ट ठरावीक जोरापर्यंत आवळला गेला की ‘खट्’ असा आवाज देणारा पाना. 2022 मध्ये मी अर्धा इंची चौकोनाचा (चौकोन म्हणजे सॉकेट बसते ते टोक), 28 ते 210 न्यूटन मीटर (हे आवळण्याच्या जोराचे माप) पल्ल्याचा असा एक पाना 3,200 रुपयांना घेतला. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण या किमतीतले बरेचसे पाने एकाच घडणीचे असतात आणि जे सांगायचे आहे ते त्या घडणीविषयीच आहे.

हा पाना घेण्यामागे दोन घटना आहेत. मुंबईहून परतताना पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाट चढण्याआधी, ऐन पावसात मागचे चाक पंक्चर झाले. चाक बदलण्याचे काम पंधरा मिनिटांचे. पण आठवड्यापूर्वीच एका टायरच्या दुकानात हवेच्या गनने आवळलेले चारपैकी दोन नट गाडीबरोबर मिळालेल्या पान्याने जागचे हलेनात. शेवटी एका ट्रकचालकाने लांब पाइप आणून पान्याला लावला, तेव्हा एक नट सुटला आणि दुसऱ्याचा स्टड, म्हणजे ज्यावर नट बसतो तो बोल्ट, तुटला. उरलेला रस्ता तीन नटांवर, अतिशय सावकाश, घरच्यांना धीर देत कापावा लागला. दुसरी घटना माझ्याच हातची आहे. टॅपेट कव्हरमधून तेल पाझरत होते, म्हणून नवे गॅस्केट, म्हणजे सांध्यातली गळती रोखणारी पट्टी, घालून मी कव्हरचे बोल्ट रॅचेट पान्याने ‘चांगले’ आवळले आणि एका बोल्टचे हेडमधले, म्हणजे कव्हरखालच्या इंजिनाच्या भागातले, आटे गेले. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये आटे गेले की भोक मोठे करून त्यात हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून घ्यावी लागते. दीडशे रुपयांच्या गॅस्केटपायी हे काम मला कित्येक पट महागात पडले.

दोन्ही घटनांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. हाताला लागणारा जोर आणि बोल्टवर पडणारा जोर यांचा अंदाज आपल्याला येत नाही, कारण मध्ये पान्याची लांबी असते. टॅपेट कव्हरचे बोल्ट सहा मिलिमीटरचे असतात आणि त्या जाडीच्या नेहमीच्या बोल्टला सुमारे 10 न्यूटन मीटर पुरतात. पंचवीस सेंटिमीटरच्या रॅचेटच्या टोकाला दहा किलोचा ओढा दिला, म्हणजे पाण्याची अर्धी बादली उचलण्याइतका जोर लावला, की सुमारे 25 न्यूटन मीटर होतात. म्हणजे हवे त्याच्या अडीचपट. याउलट स्विफ्टच्या चाकाच्या नटांना 85 न्यूटन मीटर लागतात, आणि सत्तर किलोचा माणूस तीस सेंटिमीटरच्या चाकपान्यावर पाय देऊन उभा राहिला की 200 च्या पुढे जातो. ‘हाताला कळते’ असे अनेक अनुभवी मिस्त्री म्हणतात, आणि ज्यांनी तीस वर्षे तेच काम केले त्यांच्या हाताला ते कळत असेलही. परंतु सहा महिन्यांतून एकदा बॉनेट उघडणाऱ्या माझ्यासारख्या माणसाच्या हाताला ते कळत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

बोल्ट ही खरे तर एक अत्यंत ताठ स्प्रिंग असते. आवळताना ती किंचित ताणली जाते, आणि त्या ताणामुळेच दोन भाग एकमेकांना घट्ट धरून राहतात. मात्र आपण लावलेल्या जोरातला साधारण निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात आणि चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात जातो. प्रत्यक्ष ताणाच्या वाट्याला दहा टक्के येतात. म्हणूनच आट्यांना तेल लागलेले असेल तर त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो, आणि आटे गंजलेले असतील तर पाना ‘खट्’ वाजतो पण भाग पुरेसे आवळलेले नसतात. समुद्राकाठी राहणाऱ्यांच्या दृष्टीने ही बाब फार महत्त्वाची आहे. आमच्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे गाडीच्या खालच्या बाजूचा प्रत्येक नट तांबारलेला असतो, त्यामुळे आवळण्यापूर्वी तारेच्या ब्रशने आटे स्वच्छ करणे आणि नट हाताने शेवटपर्यंत सहज फिरतो की नाही ते पाहणे हे मी पान्याच्या वापराचाच भाग मानतो. पुस्तिकेत स्पष्ट सांगितले नसेल तर आट्यांना ग्रीस किंवा तेल लावू नये.

आता प्रत्यक्ष पान्याविषयी. मूठ फिरवून आकडा लावायचा, त्यामुळे आतली स्प्रिंग दाबली जाते, आणि ठरलेल्या जोराला आतला सांधा निसटून आवाज होतो, अशी याची साधी रचना आहे. दांड्यावर 28, 42, 56, 70, 84 असे चौदा-चौदाच्या अंतराने आकडे कोरलेले आहेत आणि मधले आकडे मुठीच्या कडेवर आहेत, त्यामुळे 85 लावायचे तर मूठ 84 च्या रेघेपर्यंत आणून आणखी एक खूण पुढे न्यायची. ही पद्धत समजायला मला दोन दिवस लागले, कारण सोबतच्या कागदावर ती धड समजावलेली नाही. कोरीव आकडे उथळ आहेत आणि शेडमधल्या अंधारात ते वाचता येत नाहीत. मी त्यांत पांढरा ऑइल पेंट भरून वरचा पुसून घेतला, तेव्हा ते दिसू लागले. आवाज मात्र स्पष्ट आहे आणि हाताला झटकाही जाणवतो. 85 चा आकडा लावून मुठीच्या मध्यावर, म्हणजे चाळीस सेंटिमीटरवर धरला तर सुमारे बावीस किलोचा ओढा पुरतो, त्यामुळे माझी बहीणही चाकाचे नट याने सहज आवळते. मुठीच्या मध्यभागीच हात धरावा, कारण आतला सांधा चौकोनापासून थोडा दूर असतो आणि हात पुढे-मागे झाला की आकडा बदलतो. पान्याला पाइप लावू नये तो याच कारणासाठी.

या पान्याचे आकडे खरे आहेत का, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून सतावत होता. पेटीत तपासणीचा कागद होता, त्यावरचा क्रमांक पान्यावरच्या क्रमांकाशी जुळत होता आणि आयएसओ 6789 या मानकाप्रमाणे चार टक्क्यांच्या आत चूक असल्याचे त्यावर लिहिले होते; तरीही घरी खात्री करून घ्यावी असे वाटले. त्यासाठी चौकोन व्हाइसमध्ये आवळून पाना आडवा धरला, मुठीच्या मध्यावर, म्हणजे चौकोनापासून बरोबर चाळीस सेंटिमीटरवर दोरी बांधली आणि किराणा दुकानदाराकडून मागून आणलेले, वैधमापन विभागाचा शिक्का असलेले वीस किलोचे वजन तिला हळूच टांगले. हिशेबाने 78.4 न्यूटन मीटर झाले. त्यात पान्याच्या स्वतःच्या दीड किलो वजनाचे सुमारे तीन मिळवले की 81 च्या थोडे वर जाते. आकडा 77 वर असताना पाना दहाही वेळा वाजला, 80 वर बहुतेक वेळा वाजला आणि 84 वर एकदाही वाजला नाही. म्हणजे चूक खरोखरच चार टक्क्यांच्या आत होती. तीन हजारांच्या वस्तूकडून याहून अधिक अपेक्षा मला नव्हती.

दर दिवाळीत मी हीच चाचणी करतो. दुसऱ्या वर्षी काही फरक पडला नाही. तिसऱ्या वर्षी मात्र 84 वरही तो दोनदा वाजला, म्हणजे दाखवतो त्याहून किंचित कमी जोराला तो सुटू लागला आहे. कारण मला ठाऊक आहे : त्या वर्षी जूनमध्ये चाके आवळून झाल्यावर मूठ 85 वरच राहिली आणि पाना तसाच पेटीत सप्टेंबरपर्यंत पडून होता. दाबलेली स्प्रिंग महिनोन्महिने दाबलेलीच राहिली तर ती थकते, म्हणून काम झाल्यावर आकडा पल्ल्याच्या तळाशी, म्हणजे माझ्या पान्यावर 28 वर आणावा. त्याहून खाली आणून मूठ पूर्ण सैल करू नये, कारण मग आतले भाग जागचे हलू शकतात. चाकांच्या नटांना हा थोडासा फरक चालतो. ब्रेक कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या, बोल्टसाठी मात्र मी यापुढे पुन्हा चाचणी केल्याशिवाय तो वापरणार नाही.

या पान्याची सर्वांत मोठी उणीव ही त्याच्या घडणीतली नसून पल्ल्यातली आहे, आणि ती विक्रेते सांगत नाहीत. अशा पान्याचा भरवसा त्याच्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या वीस टक्क्यांपासून पुढे धरावा असा संकेत आहे. म्हणजे 210 च्या पान्यावर 42 च्या खालचे आकडे कोरलेले असले तरी त्यांवर विसंबू नये. आणि घरी करण्याजोगी निम्मी कामे नेमकी त्या खालच्या भागातच येतात. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये बसणाऱ्या चौदा मिलिमीटर आट्यांच्या, वॉशर असलेल्या स्पार्क प्लगला 25 ते 30 न्यूटन मीटर लागतात, टॅपेट कव्हरच्या बोल्टना त्याहून खूपच कमी. प्लगसाठी मी जुनी पद्धत वापरतो : नवा प्लग हाताने वॉशर टेकेपर्यंत फिरवायचा आणि मग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्यायचा, तोच प्लग पुन्हा बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेला असल्याने फेऱ्याचा बारावा भाग पुरतो. सहा मिलिमीटरच्या बोल्टसाठी पुढे मी पाव इंची, 5 ते 25 पल्ल्याचा लहान पाना आणखी 2,400 रुपयांना घेतला. ज्या टॅपेट कव्हरपायी मला हे हत्यार घ्यावेसे वाटले, त्याच्या बोल्टना माझा पहिला पाना निरुपयोगी ठरला, ही गोष्ट खरेदीपूर्वी कोणी सांगितली असती तर बरे झाले असते.

हेडच्या बोल्टविषयीही एक इशारा देणे आवश्यक वाटते. अनेक इंजिनांत ते आधी एका आकड्याला आणि नंतर अंशांच्या कोनात आवळायचे असतात, तेही ठरलेल्या क्रमाने. केवळ टॉर्क पाना हाती आहे म्हणून ते काम अंगणात करू नये. मी ते गॅरेजकडेच सोपवतो.

चाकांच्या बाबतीत मात्र या पान्याने माझी पद्धतच बदलली. टायरच्या दुकानातून गाडी घरी आली की मी चारही चाकांचे नट एकेक करून सैल करतो आणि समोरासमोरच्या क्रमाने, आधी निम्म्या जोराला व मग 85 ला आवळतो, आणि पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासतो. गेल्या तीन वर्षांत दोनदा पंक्चर झाले आणि दोन्ही वेळा गाडीबरोबरच्या साध्या पान्याने नट सुटले. हा पाना सैल करण्यासाठी कधीही वापरू नये. गंजलेल्या नटाचा झटका आतल्या यंत्रणेला सहन होत नाही, त्यासाठी वेगळा लांब दांडा ठेवावा.

वीस वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट 2025 पासून 10,000 रुपये झाले आहे, त्यामुळे जुनी गाडी ठेवू इच्छिणाऱ्याला आता प्रत्येक खर्चाचा विचार करावा लागतो. माझा सल्ला असा की, केवळ ऑइल बदलणाऱ्याने आणि चाके काढणाऱ्याने हा मोठा पाना घ्यावा, तो या कामांना पूर्ण न्याय देतो. इंजिनाच्या वरच्या भागाला हात घालणाऱ्याने आधी लहान पाना घ्यावा आणि मोठा नंतर. दुकानात पाहताना मूठ तळापासून टोकापर्यंत फिरवून ती कुठे अडकत नाही ना हे पाहावे, कुलपाची कडी आकडा पक्का धरते का ते तपासावे, कागदावरचा व पान्यावरचा क्रमांक ताडून घ्यावा, आणि आपल्या गाडीच्या पुस्तिकेतले आकडे लिहून सोबत न्यावेत. त्यांतले बहुतेक आकडे पल्ल्याच्या मधल्या भागात पडत नसतील, तर तो पाना काउंटरवरच परत ठेवावा.