वर्गात मोबाईल ठेवायचा कप्प्यांचा चार्ट, सहा महिने वापरल्यानंतर

अकरावी सायन्सला फिजिक्स शिकवते, वर्गात 60 पोरं. आधी फोन दिसला की जप्त, मग ऑफिस, मग पालकांना बोलावणं, त्यात माझा अर्धा तास जायचा आणि बाकाखाली रील्स चालूच. शेवटी जूनमध्ये ऑनलाइन 30-30 कप्प्यांचे दोन कापडी चार्ट मागवले, एक 540 रुपयांना पडला. कप्प्यांवर नंबर छापलेत तेच रोल नंबर धरले, आत येताना फोन सायलेंट करून आपापल्या कप्प्यात टाकायचा, बेल झाली की घेऊन जायचा.

कापड जाड आहे, शिलाई अजून उसवलेली नाही. पण सोबत दिलेले हुक अगदीच फालतू. कव्हरसकट एक फोन सव्वादोनशे ग्रॅम धरला तरी 30 फोनांचे पावणेसात किलो होतात, चौथ्याच दिवशी अख्खा चार्ट खाली आला आणि दोन पोरांच्या स्क्रीनला तडे गेले, मला रात्री झोप लागली नाही. सेलरला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही. तुम्ही घेतलात तर ड्रिल मारून, गिट्टी ठोकून, मोठे स्क्रू लावूनच टांगा. कप्पेही थोडे अरुंद आहेत, जाड कव्हरवाले मोठे फोन अडकतात, मापं बघूनच ऑर्डर करा. पारदर्शक प्लास्टिकवाला मात्र घेऊ नका, शेजारच्या वर्गात तो आहे, मेसेज आला की स्क्रीन उजळते आणि सगळ्यांच्या माना तिकडे.

फोन बॅगेत बंद करून ठेवला तर काय बिघडतं असं पालक विचारतात. टेक्सास विद्यापीठाच्या 2017 मधल्या प्रयोगात काहींचे फोन टेबलावर, काहींचे खिशात किंवा बॅगेत आणि काहींचे दुसऱ्या खोलीत ठेवले होते, सगळे सायलेंटवर, तरी चाचण्या सर्वात चांगल्या दिल्या त्या दुसऱ्या खोलीत फोन ठेवलेल्यांनी. आपल्याकडे दुसरी खोली कुठून आणणार, म्हणून मी चार्ट मागच्या भिंतीवर लावलाय, पोरांच्या पाठीमागे.

पहिला आठवडा जड गेला. काहींनी घरातला बंद पडलेला जुना फोन कप्प्यात टाकून चालू फोन खिशात ठेवला, ते कळलं तेव्हा ओरडले नाही, वर्गासमोर नावही घेतलं नाही, नंतर बाजूला बसवून बोलले आणि माझा स्वतःचा फोनही त्याच चार्टात ठेवायला लागले. त्यानंतर खरा फरक पडला. एका मुलीची आई दवाखान्यात होती, तिचा फोन मी टेबलावर ठेवू दिला आणि कुणीही तक्रार केली नाही.

आता गणित सोडवताना अडलं की पोरं शेजारच्याला विचारतात, वर्गात बोलणं वाढलंय आणि मला ते फार आवडतं. हुकसाठी एक स्टार कापते, पाचपैकी चार. बारावीच्या वर्गासाठी अजून दोन मागवतेय, या वेळी मोठ्या कप्प्यांचे.