फ्रेम मोकळे सोडावेत की बांधून ठेवावेत? स्पर्धात्मक खेळासाठी दोन सेटिंग-पद्धतींची तुलना

व्हॅलरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ हे ऑनलाइन नेमबाजीचे खेळ गांभीर्याने खेळणाऱ्याला कधी ना कधी दोन पद्धतींपैकी एक निवडावी लागते. पहिल्या पद्धतीत फ्रेमचा (म्हणजे खेळाच्या एकेका चित्राचा) मॉनिटरशी मेळ घालणाऱ्या व्ही-सिंक, जी-सिंक वगैरे सर्व सोयी बंद ठेवून ग्राफिक्स कार्डाला जमतील तितके फ्रेम काढू दिले जातात. दुसऱ्या पद्धतीत जी-सिंक किंवा फ्रीसिंक (अनुक्रमे एनव्हिडिया आणि एएमडी या कार्ड-कंपन्यांच्या सोयी) चालू ठेवून फ्रेमची संख्या मॉनिटरच्या रिफ्रेश रेटच्या, म्हणजे तो सेकंदाला जितक्या वेळा चित्र बदलतो त्या हर्ट्झच्या आकड्याच्या, किंचित खाली बांधली जाते. जुने खेळाडू बहुधा पहिलीच पद्धत सुचवतात आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. मात्र हा सल्ला रूढ झाला तेव्हा दुसरी पद्धत आजच्या स्वरूपात उपलब्धच नव्हती. एनव्हिडियाने जी-सिंक २०१३ मध्ये जाहीर केले, फ्रीसिंक मॉनिटरवर ते चालवण्याची सोय जानेवारी २०१९ मध्ये ड्रायव्हरमधून आली आणि माउस हलवल्यापासून ते पडद्यावर दिसेपर्यंतचा विलंब कमी करणारे रिफ्लेक्स २०२० मध्ये आले.

तुलनेआधी एक गोष्ट तपासून घ्यावी. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विकत घेऊन तो महिनोन्‌महिने ६० हर्ट्झवरच चालवणारे लोक आपण समजतो त्याहून बरेच जास्त आहेत, कारण विंडोज हा आकडा आपणहून वाढवेलच असे नाही. ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ या पानावर तो बदलता येतो. ६० हर्ट्झवर दोन चित्रांमध्ये १६.७ मिलिसेकंद जातात, १४४ वर ६.९ आणि २४० वर ४.२. म्हणजे एका क्लिकमध्ये जवळपास १० मिलिसेकंदांचा फरक पडतो, आणि पुढे ज्याची चर्चा आहे तो फरक याच्या निम्म्याहून कमी आहे. डेस्कटॉप असेल तर मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, तर ग्राफिक्स कार्डालाच जोडलेली आहे ना, हेही मागे वाकून एकदा पाहावे.

आता पहिली पद्धत. मॉनिटर चित्र एकदम दाखवत नाही. वरून खाली ओळीओळीने रंगवत जातो. सिंक बंद असेल तर रंगवणे अर्ध्यावर असतानाही नवा फ्रेम आला की उरलेल्या ओळी त्या नव्या फ्रेममधून घेतल्या जातात, त्यामुळे पडद्याच्या काही भागात तरी सर्वांत ताजी माहिती दिसते. ३०० एफपीएसला (सेकंदाला ३०० फ्रेम) दर ३.३ मिलिसेकंदांनी नवा फ्रेम तयार होतो, १४४ हर्ट्झवर बांधलेल्या १३८ ला दर ७.२ मिलिसेकंदांनी, म्हणजे मोकळ्या पद्धतीचा फायदा फार तर ४ मिलिसेकंदांच्या आसपास आहे. त्याची किंमत टेअरिंगच्या रूपात मोजावी लागते. दाराच्या चौकटीसमोर उभे राहून माउस झपकन बाजूला नेला, तर चौकटीची उभी कड मध्येच तुटते आणि वरचा तुकडा एका जागी, तर खालचा थोडा सरकलेला दिसतो. २४० हर्ट्झच्या पुढे हा दोष बराच कमी जाणवतो आणि काहींना तो मुळीच खुपत नाही.

या पद्धतीचा खरा दुबळेपणा अस्थिरतेत आहे. सरावाच्या मैदानात ४०० एफपीएस देणारा संगणक धूर, स्फोट आणि दहा खेळाडू एकाच जागी आले की निम्म्याच्याही खाली येऊ शकतो, आणि नेमक्या गोळीबाराच्या क्षणी माउसचा हात बदलल्यासारखा वाटतो. शिवाय ग्राफिक्स कार्ड ९९ टक्के वापरले जात असेल तर प्रोसेसर पुढचे फ्रेम आगाऊ तयार करून ठेवतो आणि ते कार्डापुढे खोळंबतात. खिडकी एकच असताना चार जण फॉर्म भरून उभे राहावेत, तसा हा प्रकार आहे. अशा वेळी मोकळ्या पद्धतीत एफपीएसचा आकडा मोठा दिसूनही विलंब बांधलेल्या पद्धतीपेक्षा जास्त असू शकतो. रिफ्लेक्स हीच रांग लागू देत नाही. ज्या खेळांत ते आहे तिथे जीटीएक्स ९०० मालिकेपासूनच्या कार्डांवर ते चालते, आणि दोन्ही पद्धतींत ते चालूच ठेवावे.

दुसऱ्या पद्धतीत मॉनिटर आपल्या ठरावीक तालावर न चालता फ्रेम तयार होण्याची वाट पाहतो, त्यामुळे चित्र तुटत नाही आणि तयार फ्रेमला ताटकळावेही लागत नाही. व्ही-सिंक बदनाम झाले ते फ्रेमची संख्या रिफ्रेश रेटला टेकल्यावर तयार फ्रेम अडकून पडतात म्हणून. संख्या त्या मर्यादेखाली राहिली की हा विलंब उद्भवत नाही. एनव्हिडियाच्या कार्डावर जी-सिंक चालू, कंट्रोल पॅनेलमध्ये व्ही-सिंक चालू, खेळाच्या आत व्ही-सिंक बंद आणि रिफ्लेक्स चालू, अशी मांडणी केली की मर्यादा आपोआप लागते: १४४ हर्ट्झवर सुमारे १३८, २४० वर सुमारे २२५. कंट्रोल पॅनेलमधले व्ही-सिंक इथे केवळ एखादा फ्रेम वेळेआधी आला तर तो सांभाळून घेते. पुष्कळ जण ते धास्तीने बंद करतात आणि मग जी-सिंक असूनही पडद्याच्या खालच्या भागात टेअरिंग का दिसते, असे विचारत बसतात.

निवड करताना सरासरी एफपीएस पाहू नये. धुमश्चक्रीत आकडा किती खाली जातो ते पाहावे. १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर आणि मध्यम दर्जाचे कार्ड असेल, तर माझ्या मते दुसरी पद्धत निःसंशय बरी. पहिली पद्धत त्यांनी घ्यावी ज्यांचा सर्वांत खालचा आकडाही रिफ्रेश रेटच्या बराच वर राहतो, म्हणजे ज्यांच्याकडे दमदार प्रोसेसर आहे आणि जे ग्राफिक्सची सेटिंग खालच्या पातळीवर ठेवून खेळतात. विदर्भात मे महिन्यात कूलरच्या भरवशावर लॅपटॉपवर खेळणाऱ्याला तर पहिली पद्धत उलटच पडते, कारण मोकळे सोडलेले कार्ड पूर्ण ताकदीने तापते आणि तापल्यावर स्वतःचाच वेग कमी करते.

एएमडीच्या कार्डावर फ्रीसिंक आणि हाताने लावलेली मर्यादा हाच मार्ग आहे. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये सोबत एएमडीचे रिफ्लेक्ससारखे अँटी-लॅग २ घ्यावे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आधीच्या अँटी-लॅग प्लसमुळे त्याच खेळात खेळाडूंवर बंदी येऊ लागली होती, कारण ते ड्रायव्हरमधून खेळाच्या कोडमध्ये हात घालत होते. एएमडीला ते मागे घ्यावे लागले. ‘लॅग शून्य’ करून देणारी अनोळखी सॉफ्टवेअर टाकण्याआधी हे प्रकरण आठवावे.

बाकी सेटिंग दोन्ही पद्धतींत सारखीच राहतात. माउसचा पोलिंग रेट, म्हणजे तो सेकंदाला जितक्या वेळा आपली हालचाल कळवतो तो आकडा, १२५ वरून १००० हर्ट्झवर नेला की दोन नोंदींमधले अंतर ८ मिलिसेकंदांवरून १ वर येते. त्यापुढे ८००० पर्यंत गेल्यास एका मिलिसेकंदाहून कमी लाभ होतो आणि साध्या प्रोसेसरवर भार मात्र वाढतो. विंडोजमधले ‘मेमरी इंटेग्रिटी’ बंद केल्यास खेळाची कामगिरी सुधारू शकते, असे मायक्रोसॉफ्टही सांगते, पण ती सुरक्षेची सोय आहे. ज्या संगणकावर घरचे बँकेचे व्यवहार होतात, त्यावर मी ती बंद करणार नाही. विंडोज ११ वर व्हॅलरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी लागतात, म्हणून बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) रॅमचे एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करताना त्यांना धक्का लावू नये.

नेटवर्कचा विलंब या दोन्हींपैकी कोणत्याच पद्धतीने कमी होत नाही. दोन्ही खेळांचे सर्व्हर मुंबईत आहेत, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या खेळाडूची अडचण अंतराची क्वचितच असते. ती बहुधा वाय-फायची किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवरून चाललेल्या व्हिडिओ अपलोडची असते. अपलोडच्या वेळी पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याचा वेळ) उसळत असेल तर आधी संगणक लॅन केबलने जोडावा, आणि राउटरमध्ये एसक्यूएमची, म्हणजे डेटाची रांग तुंबू न देण्याची, सोय असल्यास तिथला वेग प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवावा.