फ्लॅटवर्म एक्झिट: दिवाळी ते पावसाळा, कोल्हापुरातल्या रीफ टाकीतला अनुभव

रीफ टाकीत, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या प्रवाळांच्या टाकीत, फ्लॅटवर्म (चपटकृमी) पसरले की घालायचं औषध म्हणजे सॅलिफर्ट कंपनीचं फ्लॅटवर्म एक्झिट. ते काम करतं. तांबड्या फ्लॅटवर्मवर तर नक्कीच करतं आणि प्रवाळांना धक्का न लावता करतं. तरीही बाटली मागवण्याआधी पुढचं सगळं वाचा. या औषधानंतर रात्रीत टाकी गेल्याच्या गोष्टी आपल्या छंदात सगळ्यांनी ऐकल्या आहेत आणि त्या खोट्या नाहीत. त्यातल्या बहुतेक टाक्या एकदम मेलेल्या हजारो किड्यांच्या विषानं जातात. औषध घालणं हे शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम आहे. त्याआधी हातानं किडे किती काढलेत, यावर सगळं अवलंबून आहे. गेल्या दिवाळीपासून वापरतोय, आता पंचगंगा पात्राबाहेर यायचे दिवस आलेत, म्हणजे पहिल्या आठवड्याचा आनंद ओसरून बराच काळ गेलाय. म्हणून आता लिहितोय.

टाकी तीन फुटी, खाली संप (फिल्टरची दुसरी टाकी), सगळं मिळून साधारण 220 लिटर पाणी. राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर घर आहे. पाणी आरओचं, त्यात सॉल्ट मिक्स, क्षारता 35, तापमान 26 अंशांच्या आसपास. प्रवाळ सगळे मऊ: झोआ, मश्रूम, टोडस्टूल लेदर, झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप. दगडी प्रवाळ मी ठेवत नाही. आपल्या समुद्रातले सगळे दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंक्तीला. समुद्रपंखेही त्यातच येतात. कुणी ‘मालवणचा पीस आहे, स्वस्तात देतो’ म्हणालं तर तिथूनच परत फिरा.

फ्लॅटवर्म आले ते एका झोआच्या दगडाबरोबर. एक जण टाकी मोडत होता, त्याच्याकडून तो दगड घेतला होता. सुरुवातीला काचेवर तांबूस-तपकिरी ठिपके दिसले, गंजाच्या रंगाचे. ड्रॉपरनं चारपाच उचलले आणि पांढऱ्या चिनी मातीच्या वाटीत सोडले. भिंगाखाली धरल्यावर प्रत्येक जण सपाट, पानासारखा, फार तर चार-पाच मिलिमीटर, मागच्या कडेला शेपटीसारखी बारीक टोकं. वाटीच्या तळाशी ते इतके संथ सरकत होते की हालचाल डोळ्यांना कळत नव्हती, जागा बदललेली तेवढी कळत होती. टॉर्च एका बाजूला धरला आणि चहा पिऊन आलो, तर सगळे टॉर्चच्या बाजूला गोळा झालेले.

उजेडाकडे जाण्याचं कारण त्यांच्या अंगातच आहे. या कॉन्व्होल्युट्रिलोबा जातीच्या किड्यांच्या शरीरात शैवाल राहतं आणि त्याला उजेड लागतो. जीवशास्त्राच्या काटेकोर हिशेबात हे चपटकृमी धरतच नाहीत, अकोएल नावाचा वेगळा गट आहे. आपल्याला महत्त्वाचं एवढंच की टाकीत हे अंडी घालत बसत नाहीत. स्वतःचा तुकडा पाडून किंवा अंगाला कोंब फुटून यांची संख्या वाढते. म्हणजे एक जरी मागे राहिला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू. प्रवाळाचं मांस हे खात नाहीत. पण लेदरच्या टोपीवर, मश्रूमच्या चकतीवर गालिचा पसरतात, खालच्या प्रवाळाचा उजेड तोडतात, पाण्यातले कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव) खातात. माझं टोडस्टूल कित्येक दिवस पॉलिप (फुलासारखी बारीक तोंडं) उघडेना, कारण त्याला श्वास घ्यायला जागाच उरली नव्हती.

आधी औषधाशिवायचे उपाय करून पाहिले. वेव्हमेकर (टाकीतलं पाणी फिरवणारा पंप) वाढवला, खाणं कमी केलं, नायट्रेट-फॉस्फेट खाली आणलं. वाढीचा वेग मंदावला, पण किडे गेले नाहीत. सिक्सलाइन रास नावाचा मासा आणला. तो दगडांवर दिवसभर टोचे मारत फिरायचा, पण तांबड्यांना तोंड लावताना क्वचितच दिसला. काही टाक्यांत तोच मासा सगळं साफ करतो, काहींत ढुंकून बघत नाही. शिवाय सिक्सलाइन पुढे भांडखोर होतो. पिवळा रास जास्त शांत असतो, फक्त झोपायला त्याला वाळू लागते. निळ्या मखमली गोगलगायीचा पर्याय मी घेतला नाही. केलिडोन्युरा व्हॅरियन्स तिचं नाव. ती फ्लॅटवर्म खरोखर खाते, पण दुसरं काही खात नाही. ते संपले की ती उपाशी मरते. एका जिवाला असं कामापुरतं आणणं मला पटत नाही.

आता मुख्य काम. इचलकरंजीचा एक मित्र या छंदात माझ्यापेक्षा बराच जुना आहे. फोनवर म्हणाला, “भावा, आधी किडं वढून काढ, मग औषध घाल. उलटं केलंस तर टाकी गेली म्हणून समज.” मला वाटतं, या औषधाबद्दल सांगण्यासारखं सगळं त्या दोन वाक्यांत आलं.

सायफनसाठी एअर पंपाची साधी पारदर्शक नळी घेतली आणि बांबूच्या काडीला रबरबँडनं बांधली, म्हणजे टोक हवं तिथं नेता येतं. बादलीत पाणी काढत बसलो असतो तर निम्म्या तासात टाकीचं पाणी कमी पडलं असतं. म्हणून नळीचं दुसरं टोक संपमधल्या फिल्टर सॉकमध्ये (गाळणीच्या कापडी पिशवीत) सोडलं. किडे सॉकमध्ये अडकतात, पाणी टाकीत परत येतं, आपण हवा तेवढा वेळ काढू शकतो. सॉक लगेच काढून गोड्या पाण्यात बुडवायचा. तो तसाच संपमध्ये लोंबत ठेवू नका, आत मेलेल्या किड्यांचा रस पुन्हा पाण्यातच उतरतो.

वेळही महत्त्वाची. लाइट लागून दोन-तीन तास झाले की किडे उजेडाच्या जागी वर येऊन बसतात. तेव्हा एका जागी जितके सापडतात तितके सकाळी अंधारात सापडत नाहीत. दगडाची पाठ, पंपाची जाळी, संपमध्ये पाणी उतरतं ती ओव्हरफ्लोची खाच, फेसातून घाण काढणाऱ्या स्किमरच्या बाहेरची बाजू, सगळीकडे नळी फिरवली. प्रवाळावरचे काढताना आधी ड्रॉपरनं हलका फवारा मारायचा आणि सुटून वर आलेले नळीनं ओढायचे. मश्रूमवर थेट नळी लावली तर चकती आत ओढली जाते. आई बाजूला खुर्ची टाकून बसायची आणि मला न दिसलेले बोटानं दाखवायची. तिची नजर माझ्यापेक्षा तेज. “तिकडं बघ की रे, त्या दगडाच्या खाली नुसता लाल चिखल झालाय,” असं म्हणून तिनं मला पंपामागची एक पूर्ण वसाहत दाखवली होती.

हे रोज संध्याकाळी, बरेच आठवडे चाललं. सॉकमध्ये चमच्याचमच्यानं किडे दिसायचे ते हळूहळू चिमटीवर आले. तिथपर्यंत येईस्तोवर बाटलीचं बूचही उघडायचं नाही, हे माझं ठाम मत आहे. कंटाळा येतो. पण प्रत्येक चमचा म्हणजे टाकीत न सुटलेलं तेवढं विष.

औषधाच्या दिवशीची तयारी. पाण्याचा हिशेब खरा करा. काचेच्या मापावरून आलेल्या आकड्यातून दगड आणि वाळूची जागा वजा करा, संपमधलं पाणी मिळवा. आधी वाटीतल्या किड्यांवर औषधाचा प्रयोग करा, ते किती मिनिटांत आवळतात ते कळतं. निम्म्या टाकीएवढं सॉल्ट वॉटर आधीच कालवून, टाकीच्या तापमानाला आणून ठेवा. ताजा कार्बन (पाण्यातलं विष शोषणारा कोळसा) धुऊन जाळीत भरून ठेवा, पण औषध घालताना कार्बन आणि यूव्ही दिवा दोन्ही बंद हवेत. आपल्याकडं वीज कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे वेव्हमेकर इन्व्हर्टरवर आणि एक बॅटरीचा एअर पंप हाताशी ठेवला.

पत्रकावर दिलेला डोस मी वेव्हमेकरच्या धारेसमोर, थोडा थोडा करून घातला. काही मिनिटांत किडे कडांनी वळायला लागले, पकड सुटली आणि पाण्यात तरंगायला लागले. ज्या दगडावर मला एकही दिसत नव्हता, त्याच्या भेगांतूनही ते बाहेर पडत होते. हा क्षण बघत बसण्याचा नाही. नळी हातात घेऊन एकेक तरंगणारा किडा ओढायचा, कारण विरघळू लागलेला प्रत्येक किडा विष सोडतो. सॉकवर तांबूस डाग पडतात, पाण्याला पिवळट झाक येते. मासे वर येऊन झपाझप श्वास घेत असतील तर थांबू नका, लगेच पाणी बदला. माझे मासे शांत राहिले. तरी मी तासाभरात कार्बन चालू केला आणि चाळीस टक्के पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी कार्बन नवा टाकला. मासे, क्लीनर श्रिम्प, गोगलगायी, एकही जीव गेला नाही. झेनिया दोन दिवस मिटून होता, नंतर पुन्हा धडधडायला लागला. टोडस्टूलनं पुढच्या आठवड्यात कात टाकली आणि सगळे पॉलिप उघडले. त्या दिवशी आईनं शेजारच्या काकूंना बोलावून टाकी दाखवली.

पण एका डोसात काम संपत नाही. आठवड्यानं दुसरा डोस द्यावाच लागतो, काही किडे पहिल्यात फक्त गुंगतात. एप्रिलमध्ये वळवाआधीच्या उकाड्यात टाकीचं पाणी 28 अंशांवर गेलं आणि संपच्या शेवटच्या कप्प्यात, रिफ्युजियमच्या (शैवाल वाढवायच्या जागेच्या) लाइटखाली, पुन्हा तांबडे ठिपके दिसले. मोजकेच होते, त्यामुळे सायफन आणि डोस एका दिवसात उरकलं, पाणीही फारसं पिवळं झालं नाही. तेव्हापासून टाकी स्वच्छ आहे. माझा सल्ला, डोस देताना रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर टाकीत नेणारा) चालू ठेवा. औषध संपच्या प्रत्येक कप्प्यातून फिरलं पाहिजे.

मश्रूमवर आणखी एक प्रकार होता, गोल, तपकिरी, एका बाजूला खाच असलेले चिकट ठिपके. ते वामिनोआ. त्यांच्यावर टाकीतल्या डोसाचा परिणाम मला अर्धवटच दिसला. ते दगड बाहेर काढून, बादलीत आयोडीनच्या डिपमध्ये (बुडवायच्या औषधी पाण्यात) धरून, ड्रॉपरच्या धारेनं उडवले तेव्हा गेले.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगतो. झोआच्या दगडाला हात लावताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. काही झोआ आणि त्यांच्या जवळच्या पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, ते माणसाच्या जिवावर उठू शकतं. किडे मारायला दगड उकळा असा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. त्या वाफेनं घरातल्या सगळ्यांना दवाखान्यात न्यायची वेळ येते.

ज्यांच्याकडं कायदेशीर कागदपत्रांसह आयात केलेले अॅक्रोपोरा (फांद्यांचे दगडी प्रवाळ) आहेत, त्यांनी या बाटलीवर विसंबू नये. अॅक्रोपोरा खाणारा फ्लॅटवर्म वेगळा. 2011 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, तेव्हा नाव अमाकुसाप्लाना होतं, आता प्रोस्थिओस्टोमम अॅक्रोपोरी म्हणतात. तो खरोखर मांस खातो, प्रवाळावर फिकट गोल चट्टे पाडतो आणि प्रवाळाच्याच रंगात लपतो. फांदीच्या बुडाशी, उघड्या सांगाड्यावर तपकिरी अंड्यांचे पुंजके घालतो. ती अंडी कुठल्याही डिपनं भरवशानं मरत नाहीत, खरवडूनच काढावी लागतात. 27 अंशांना अंड्यापासून पुन्हा अंडी घालण्यापर्यंत त्याला पाच-साडेपाच आठवडे लागतात, म्हणून डिप ठरावीक अंतरानं तेवढे आठवडे चालू ठेवावे लागतात. तिथं औषधापेक्षा चिकाटीचं काम जास्त आहे.

बाटली लहान आहे, परदेशी आहे, मुंबईहून कुरिअरनं मागवावी लागली आणि स्वस्त नाही. पण माझ्या आकाराच्या टाकीला पुष्कळ पुरली, अजून शिल्लक आहे. 50 लिटरच्या आतली नॅनो टाकी असेल तर मी औषधच वापरणार नाही. तिथं किड्यांच्या विषाला मिसळायला पाणीच पुरेसं नसतं. दगड बाहेर काढून डिप करणं आणि सायफन, एवढंच करावं.

नवीन आलेला प्रत्येक फ्रॅग (प्रवाळाचा तुकडा) आता आधी डिपमध्ये आणि मग वेगळ्या छोट्या टाकीत जातो. तिथं तळाला पांढरी टाइल ठेवली आहे, तिच्यावर तांबडा ठिपका लगेच उठून दिसतो. माझ्या झोआचे फ्रॅग सांगली-मिरजेपर्यंतचे मित्र मागतात. त्यांना सांगून ठेवलंय, गणपतीपर्यंत पांढऱ्या टाइलवर एकही दिसला नाही तरच देईन, आणि तेव्हाही घरी नेल्यावर डिप करूनच टाकीत सोडा.