पहिल्या दोन बिलांचे पैसे वेळेवर आले

कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या दोन खोल्या आणि नऊ कारागीर एवढाच आमचा कोल्हापुरी चपलांचा व्याप आहे, आणि आमच्यासारख्या छोट्या उत्पादकाला कसे गाठले जाते हे इतरांना कळावे म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

परराज्यातील एका व्यापाऱ्याने गेल्या उन्हाळ्यात ४० जोड मागवले आणि पूर्ण रक्कम आगाऊ पाठवली. पुढच्या खेपेस १२० जोड नेले, त्याचे उरलेले निम्मे पैसे माल पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी जमा झाले. त्याच्या बोलण्यात अदब होती, कोल्हापुरीतला कापशी हा प्रकार त्याला नेमका ओळखता येत होता, आणि कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा उल्लेख तो आवर्जून करी. मालाची कदर करणारे गिऱ्हाईक भेटले, याचेच मला अप्रूप वाटले.

ऐन दिवाळीच्या तोंडावर त्याने ९०० जोड मागितले, तीस दिवसांच्या मुदतीवर आणि पुढच्या तारखेच्या धनादेशावर. त्यासाठी मी महाद्वार रोडवरच्या दोन जुन्या दुकानदारांना नकार दिला, कातडे उधारीवर उचलले आणि कारागिरांना जादा मजुरी कबूल केली. माल निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने पत्ता बदलून दुसऱ्या शहरातील ट्रान्सपोर्टचे गोदाम कळवले. “दुकान असणाऱ्याला माल दुकानात का नको?” असे पत्नीने विचारले होते, मी तिला गप्प केले.

धनादेश ‘खाते बंद’ या शेऱ्यासह परत आला. धनादेश न वटल्याबद्दलच्या कलम १३८ प्रमाणे ३० दिवसांच्या आत नोटीस पाठवली, तर पाकीटही परत आले. उद्यम ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी असल्यामुळे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार ठरलेल्या मुदतीनंतरच्या थकबाकीवर चक्रवाढ व्याज मागता येते, पण ते मागायचे कोणाकडे?

मागाहून जीएसटीच्या संकेतस्थळावर त्याचा क्रमांक पुन्हा पाहिला. सुरुवातीला मी नोंदणी चालू आहे एवढेच तपासले होते. नोंदणीची तारीख त्याच पानावर होती आणि ती पहिल्या मागणीच्या जेमतेम दोन महिने आधीची होती. दहा वर्षांचा धंदा असल्याचे तो सांगत असे. विवरणपत्रे भरली की नाही, तेही तिथेच दिसते. पहिल्या दोन बिलांचे पैसे त्याने मालासाठी दिले असे मी समजत होतो; प्रत्यक्षात १६० जोडांच्या किमतीत त्याने ९०० जोडांची उधारी विकत घेतली होती.

कर वगळून बिल ५,४०,००० रुपयांचे होते आणि त्यात माझा खर्च ४,८६,००० होता. जोडामागे साठ रुपये सुटतात, म्हणजे हा खड्डा बुजवायला ८,१०० जोड विकावे लागतील. न आलेल्या पैशांवरचा जीएसटी मात्र मी मुदतीत भरला, कारण विक्रीची रक्कम बुडाली म्हणून तो माफ होत नाही.

आता नव्या गिऱ्हाइकाची उधारी ५०,००० रुपयांच्या पुढे जाऊ देत नाही, आणि शेवटच्या क्षणी पत्ता बदलला तर माल थांबतो. महाद्वार रोडवरचा एक दुकानदार पुन्हा माल घेऊ लागला आहे. दुसऱ्याने दुसरा कारखानदार धरला.