जपानी फुलदाणी घेताय? आधी उलटी करून बघा

पणजीत मळ्याच्या बाजूला जुन्या सामानाचं एक दुकान आहे, नाव नाही लिहीत कारण तक्रार पण आहे. पोर्तुगीज काळातलं फर्निचर, बंद पडलेली घड्याळं आणि तीन जपानी फुलदाण्या, तिन्हींवर सेम चिठ्ठी, "सात्सुमा, १५० वर्षं". सात्सुमा म्हणजे जपानच्या दक्षिणेकडचा जुना प्रांत आणि तिथली नक्षीकामाची मातीची भांडी.

मालक भला माणूस, स्टूलवर चढून स्वतः खाली काढून दिल्या, म्हणाला बाय, सवकास पळय (सावकाश बघ). मी तिन्ही उलट्याच केल्या. पहिलीच्या बुडाला चक्क इंग्रजीत "रॉयल सात्सुमा", म्हणजे विषयच संपला, हा शिक्का विसाव्या शतकातल्या आणि बहुतेक करून चिनी मालावर असतो. दुसरीवर इंग्रजी अक्षरांत "निप्पॉन", म्हणजे जपानी भाषेत जपान. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं तेव्हा हे सुरू झालं, १९२१ मध्ये "जपान" लिहायला लावलं, मग १५० कुठून आली?

तिसरी वीतभर उंच, साईसारखा रंग, सगळीकडे जाळीसारख्या बारीक भेगा. खाली सोनेरी गोल आणि आत फुली, सात्सुमावर राज्य करणाऱ्या शिमाझू सरदारांचं चिन्ह. मालक खूश झाला, पण हे चिन्ह क्योतो-ओसाकावाले पण एक्सपोर्टच्या मालावर बिनधास्त टाकायचे, त्यामुळे एवढ्यावर ती सात्सुमाचीच असं नाही म्हणता येत. मला पटलं ते काम बघून. भिंग लावलं तर छपाईचे ठिपके नाहीत, ब्रशच्या रेघा दिसतात, बाईचा चेहरा तुरीच्या डाळीएवढा आणि त्यातही भुवया वेगळ्या, ओठ वेगळे!! मानेवर जिथे बोटं लागतात तिथलं सोनं झिजलंय.

आता तक्रार. या फुलदाणीत त्याने पाणी भरून अनंताची फुलं ठेवलेली!! अहो ही पोर्सेलिन नाहीये, मातीची आहे, भेगांतून पाणी आत मुरतं, बुडाशी तपकिरी डाग पडलाय तो आता जायचा नाही. तोच डाग दाखवून नऊ हजारांची सहाला मागितली, थोडी कुरकुर करून दिली. पॅकिंग म्हणजे दोन वर्तमानपत्रं आणि सुतळी, स्कूटरवर पायांत धरून फोंड्यापर्यंत आणली, प्रत्येक स्पीडब्रेकरला देवाचं नाव.

तीन स्टार. एक हात लावू दिला म्हणून, एक भाव केला म्हणून, एक त्या डाळीएवढ्या बाईसाठी. चिठ्ठीबद्दल त्याला सांगून आले होते, परवा परत गेले तर "रॉयल"वाली अजून १५० वर्षांचीच.